प्रेस्टनची उडी

आईचा टेबलक्लॉथ हा आईचा असतो, एवढंही आमच्या रेन्झोला कळू नये! माझ्या आत्यानं माझ्या लग्नासाठी विणलेला तो टेबलक्लॉथ. इटलीतल्या मोदेनाच्या डोंगरातून अमेरिकेला येताना बोटीवर मी तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता. नाताळला आणि ईस्टरला निघतो, एरवी कपाटात असतो. त्या रविवारी मी चर्चमधून घरी येते तर तो गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला. खिळे ठोकून. लेसमधून खिळे!

"मा, पितळी पाटी झाकायला काहीतरी भारदस्त हवं होतं," रेन्झो म्हणाला. "आणि भोकं तर त्याला आधीपासूनच आहेत."

सत्तावन्न वर्षांचा घोडा आणि हे उत्तर.

पाटीचं काय ते सांगते. आमच्या गॅरेजवरून सिनेमातल्या पोरानं उडी मारली होती, त्याला चाळीस वर्षं झाली. हे ज्याला माहीत नाही तो आमच्या हायवुड गावात नवा आलेला असणार. सिनेमाचं नाव ‘प्रेस्टन लायब्ररीत गेलाय’. गोष्ट म्हणावी तर काहीच नाही. आईबाप बाहेर गेल्यावर एका श्रीमंताचा पोरगा अख्खी शाळा घरी बोलावतो. आईबापाची गाडी दाराशी आली की हा मागच्या खिडकीतून गॅरेजवर, गॅरेजवरून कुंपणापलीकडे, आणि पुस्तकं काखेत मारून पुढच्या दारानं आत, लायब्ररीतून दमून आल्यासारखा. एवढ्यावर लोक चाळीस वर्षं हसतायत.

ते पुढचं दार आमचं नाही. ते तिकडे तळ्याकाठच्या बंगल्याचं. त्या बंगल्याच्या बाईनं सिनेमावाल्यांना साफ सांगितलं होतं, दिवाणखान्यात काय नाचायचं ते नाचा, माझ्या छपरावर पाय ठेवायचा नाही. तिची बाग माझा नवरा आल्दो बघायचा. तो झुडपं छाटता छाटता म्हणाला, "माझ्या घराला गॅरेज आहे." झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात तारा, दिवे आणि ओळखदेख नसलेली माणसं. बंगल्याला जसं हिरवं कुंपण होतं तसंच आल्दोनं आमच्याकडे उभं केलं, झुडपं मुळांसकट ट्रकमधून आणून. शूटिंग मे महिन्यात आणि सिनेमात ऑक्टोबर, म्हणून माझ्या मेपलला कागदाची नारिंगी पानं बांधली. ती वेचताना आल्दोनं ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतील. पडद्यावर तो प्रेस्टन आमच्या गॅरेजवरून उडतो आणि बंगल्याच्या दारात उतरतो. मध्ये अख्खं गाव आणि रेल्वेचे रूळ आहेत, पण कुणाला कळत नाही.

हिरो काही उडी मारणार नव्हता. त्याच्या दातांचा विमा उतरवला होता म्हणे. मग त्याच्या अंगकाठीचा पोरगा शोधला. आमचा रेन्झो तेव्हा सतराचा होता, तसाच काटकुळा. त्याला हिरोच्या केसांचा टोप आणि हिरोचं जाकीट चढवलं आणि पाठमोरी उडी त्यानं मारली. असं सिनेमा म्हणतो, असं रेन्झो म्हणतो. लोक उठून गेल्यावर जी बारीक नावं वर सरकतात त्यात त्याचंही नाव आहे. त्या नावावर त्यानं बार काढला, त्या नावावर बायको मिळवली, आणि त्या बारमध्ये दर शनिवारी ती उडी दोन बोटं उंच होत गेली.

आता त्या पाटीवर पितळेत त्याचं नाव कोरलं होतं. जेवण झालं की पाटी उघडायची. अंगणात खुर्च्या मांडून प्रेस्टनसारखी जाकिटं घातलेले सिनेमाचे चाहते बसले होते, आणि जेवायला खुद्द हिरो आला होता.

ब्रेंट लॅसिटर. तेव्हा पोरगेलासा होता, आता केस गेलेत, दात मात्र नवे. रेन्झोनं त्याला आल्दोच्या खुर्चीवर बसवलं. मला न विचारता. मी फक्त वाढताना त्याच्या वाडग्यात सुपातले सारणभरले तोर्तेलीनी कमी घातले. मग त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मिसेस लेन्झीनी, शूटिंगच्या वेळी आमच्या कंपनीचा स्वयंपाकी रडायचा. सगळे मागच्या दारानं तुमच्याकडे जेवायचे." मग मी त्याला अजून वाढले. खरं बोलणाऱ्याला उपाशी ठेवू नये.

टेबलावर आम्ही सहा जण. माझ्या डाव्या हाताला माझी मारीसा, रेन्झोहून तीन वर्षांनी मोठी. आल्दोच्या मागे त्याचा झाडांचा धंदा तिनं चालवला, दोरावर लटकून एल्मची झाडं कापायची. आता गुडघा गेला म्हणून खालून ओरडते. तिच्या शेजारी तिचा नवरा वॉल्टर, हा जेवताना बोलत नाही आणि बाकीच्या वेळी विसरतो. पलीकडे रेन्झो आणि त्याची पेगी. पेगी आयरिश. पहिली काही वर्षं मी तिला पाहुणीसारखी वागवली, मग तिनं एकदा मला उलट उत्तर दिलं आणि ती घरची झाली.

"एक गोष्ट मला चाळीस वर्षं विचारायची आहे," ब्रेंट म्हणाला. "रेन्झो, उडीआधी तू ती क्रूसाची खूण का केलीस?"

सिनेमा पाहिलेल्यांना हे माहीत आहे. उडी मारायच्या आधी प्रेस्टन कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावतो आणि अंगठ्याचा मुका घेतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर उडतो.

"दिग्दर्शकानं डोकं आपटून घेतलं," ब्रेंट हसत होता. "प्रेस्टनचं घराणं पिढ्यान् पिढ्या प्रॉटेस्टंट! ती माणसं सुपात माशी पडली तरी देवाला त्रास देत नाहीत. पण उजेड गेला होता, दुसऱ्यांदा घेता आलं नाही. आता बाहेर बसलेल्यांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो प्रेस्टन मैत्रिणीसाठी गुपचूप कॅथलिक झाला होता. दुसरा पहिल्याशी बोलत नाही."

रेन्झोनं चमचा ठेवला. हा बारमधला चेहरा मला माहीत आहे. आधी खाली बघायचं, मग हात छातीवर.

"काय सांगू, ब्रेंट. वर उभा होतो. खाली पपा. एकदम मनातून आलं, देवा, काहीही होऊ दे, माझ्या बापाची मान खाली जाऊ देऊ नकोस. आणि हात आपोआप..."

पेगीनं डोळे पुसले. ही गोष्ट तिलाही नवीन होती. भांडी पुसताना तिनं मला नंतर सांगितलं, त्या क्षणी तिला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की बारच्या खालच्या फळीवर त्यानं लपवलेल्या सिगारेटी तिनं मनातल्या मनात माफ केल्या.

"रेन्झो," मारीसा म्हणाली. आवाज अगदी मीठ मागावं तसा. "उडी घेतलीस ती घेतलीस. प्रार्थना नाही."

"काय?"

"ती माझी आहे. परत दे."

वॉल्टर जेवायचा थांबला, यावरून समजा.

"मारीसा, आज नको," रेन्झो दात न उघडता म्हणाला.

"आजच. मिस्टर लॅसिटर, उडी मी मारली. हा वर बसून रडत होता."

"मी रडत नव्हतो!" रेन्झो ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं की नाकारायला त्यानं भलताच अर्धा निवडला होता.

पेगी त्याच्याकडे वळली. सावकाश. "म्हणजे दुसरा अर्धा खरा आहे?"

"पेगी, मी सांगतो तुला..."

"मला मागणी तू कुठे घातलीस?"

"गॅरेजखाली."

"काय म्हणालास?"

"म्हणालो की... इथून उडी मारायला जेवढी हिंमत लागली त्याहून जास्त आत्ता लागतेय."

"आणि मी हो म्हटलं!"

"ते वाक्य खोटं नव्हतं गं," रेन्झो कळवळून म्हणाला. "त्याहून जास्तच लागली होती."

ब्रेंटनं हसू दाबायला रुमाल तोंडाशी धरला. नंतर निघताना तो मला म्हणाला, मला आधी रागच आला होता, मिसेस लेन्झीनी. चाळीस वर्षं मी प्रत्येक मुलाखतीत सांगतोय की माझ्या जागी एका शूर पोरानं उडी मारली. मग वाटलं, मी तर तेव्हा माझ्या गाडीत केस वाळवत बसलो होतो, मी कुणावर रागावतोय?

मग जे व्हायचं ते झालं. पेगी उठली, आपली थाळी उचलली आणि टेबलाला वळसा घालून मारीसाच्या शेजारी जाऊन बसली. आजवर नणंदेच्या हाताखालचं मीठसुद्धा न मागणारी बाई. आणि वॉल्टर, ज्यानं आपल्या बायकोची बाजू घ्यावी, तो म्हणाला, "पाटी पितळेची आहे. आज उघडू द्या. नंतर बघू."

"वॉल्टर," मारीसा म्हणाली, "तू कुणाचा नवरा?"

"तुझाच. पण बाहेर लोक बसलेत. माणसाला असं लोकांत..." त्यानं रेन्झोकडे पाहिलं. "मला कुणी केलं तर मी गाव सोडेन."

"तुला माहीत होतं?" पेगीनं त्याला विचारलं.

"पहिल्यापासून. मला वाटलं, सगळ्यांनाच माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. या घरात बऱ्याच गोष्टी तशा आहेत."

बोलत नाही म्हणजे किती बोलला बघा. आता सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, पण या टेबलावर कोर्ट भरलं की न्यायाधीश मीच. त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. माझी मुलगी पाठमोरी ओळखायला मला चष्मा लागत नाही आणि वरून परके केस चढवले तरी फरक पडत नाही. पोरांनी आपापसात ठरवलंय तर ठरवू दे, असं म्हणून मी सोडून दिलं होतं आणि त्यात मला काही चूक दिसत नाही. पण ती आज का बोलली, हे मला कळेना.

"सूप गार होतंय," मी म्हटलं. "खा सगळ्यांनी. मारीसा, आत ये."

स्वयंपाकघरात ती सिंकला टेकून उभी राहिली. साठीची बाई, पण हाताची घडी अशी घालते की मला अजून तिची वेणी दिसते.

"चाळीस वर्षं त्यानं ती उडी विकली, तेव्हा तुला काही झालं नाही," मी म्हटलं. "आज एका प्रार्थनेवरून घर डोक्यावर घेतलंस?"

"उडीचं मला काही नव्हतंच गं. तो छपरावर पालथा पडून पन्हाळीला धरून बसला होता, बोटं सुटेनात. खाली सगळे ओरडतायत, उजेड चाललाय. मी त्याला आणायला खिडकीतून गेले. तो म्हणाला, मारीसा, सगळे हसतील. मग मी त्याचं जाकीट ओढून काढलं, केस घातले. तेवढंच. त्याच्यासाठी मारायची म्हणून मारायची होती." ती थांबली. "मग कडेला उभी राहिले, आणि तिथून बाल्डींच्या रेस्टॉरंटची पाटी दिसली."

व्हिक्टर बाल्डीशी तिचं लग्न ठरलं होतं. त्या जूनमध्ये होणार होतं. मी हॉलसुद्धा बघून ठेवला होता.

"मी देवाला म्हटलं, नीट उतरले तर अंगठी परत देईन."

मी स्टूलवर बसले. "आणि नीट उतरली नसतीस तर?"

"तर करणार होते लग्न. पाय मोडल्यावर दुसरं काय करणार?"

"व्हिक्टर बाल्डी! अगं, आज त्याची तीन रेस्टॉरंटं आहेत!"

"आणि तीन बायका झाल्या, मा."

"त्याच्या पोरानं तुला सोडलं म्हणून मी त्या बाल्डीणीशी आजवर बोलत नाही! चर्चमध्ये ती ज्या बाजूला बसते त्या बाजूचे संतसुद्धा मी पाहिले नाहीत!"

"मी सोडलं, असं मी तेव्हाच सांगितलं होतं तुला."

"सगळ्या मुली तसंच सांगतात."

आता त्या बाईशी न बोलायला मला दुसरं कारण शोधावं लागणार होतं. पण ते नंतर. मारीसाचे डोळे भरले होते. ही मुलगी आल्दोच्या अंत्ययात्रेतसुद्धा रडली नव्हती, शवपेटी कशी धरायची ते माणसांना सांगत होती.

"मला पाटी नको, मा. बार, टोप्या, फोटो, सगळं ठेवू दे त्याला. पण माझं सगळं तिथून सुरू झालं. मी पपाच्या ट्रकवर बसले, झाडावर चढले, वॉल्टर भेटला, सगळं. मी एकदाच स्वतःसाठी देवाकडे काही मागितलं आणि ते तिथं उभं राहून मागितलं. आणि तो ते टेबलावर ठेवून पाहुण्याला वाढतोय. आता ते पितळेत जाणार. मी मेल्यावर तिथं काय राहणार? त्याचं नाव."

मी तिच्या तोंडावरून हात फिरवला. तिनं फिरवू दिला. मग मी उठले.

रेन्झो मागच्या पायऱ्यांवर बसला होता. तिथून अंगण दिसतं, पण झाडाआडून अंगणातल्यांना आपण दिसत नाही. लोक टाळ्या वाजवून सिनेमातलं काहीतरी एका सुरात म्हणत होते. माझ्या मुलाच्या मनात काय चाललं होतं हे त्यानं सांगायची गरज नव्हती. तो टेबलक्लॉथच्या खाली दडलेल्या पितळेकडे असा बघत होता, जसा लहानपणी दवाखान्याच्या दाराकडे बघायचा.

मी शेजारी बसले. पायरी गार होती.

"मी सांगणार होतो, मा," तो म्हणाला. "खरंच. आधी वाटलं, सिनेमा येऊ दे, मग सांगू. मग सिनेमा चालला. मग पेगी भेटली. मग बार. दर वेळी आदल्या वेळी सांगायला हवं होतं असं व्हायचं."

"आणि ती प्रार्थना कुठून आणलीस?"

"ती अगदीच खोटी नाही." त्यानं नाक पुसलं, बाहीला. "पपा खाली गादी धरून उभे होते. मी तेच म्हणत होतो सारखं, त्यांची मान खाली जाऊ देऊ नकोस. फक्त पालथा पडून म्हणत होतो. मग ती उडाली, आणि मी खिडकीतून आत आलो, खाली आलो, कुंपणाआड तिच्याकडून जाकीट परत घेऊन घातलं. आणि पपांनी मला मिठी मारली. सगळ्यांसमोर. मा, त्यांनी मला जन्मात एकदाच मिठी मारली. खरं सांगितलं तर ती कुणाची होते? तिचीच ना? मला ती परत करायची नव्हती."

आल्दो असा होता. झाडांना हात लावायचा, माणसांना नाही. मी सांगितलं, कारण हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायला आता मीच उरले होते.

"त्या रात्री अंथरुणावर तुझा बाप मला काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, आर्जिया, पोरगी काय उतरली! मांजर!"

रेन्झोनं मान वर केली.

"मी म्हटलं, कळलं होतं तर मिठी पोराला का मारलीस? तर म्हणाला, पोरगी हसत होती. थरथरत तो होता."

रेन्झोचा चेहरा सतराचा झाला, मग पुन्हा सत्तावन्नचा. मागे दार वाजलं. मारीसा येऊन उभी राहिली होती, तिच्यामागे पेगी, आणि दोघींच्या मधून मान काढून तो हिरो. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. मारीसानं सगळं ऐकलं असावं, कारण ती आभाळाकडे बघत होती.

अंगणातून कुणीतरी ओरडलं, "रेन्झो! रेन्झो!" मग सगळेच.

"मा, मी जाऊन सांगितलं," तो म्हणाला, "तर लोक हसतील."

मी उठले. गुडघ्यावर हात ठेवून उठले, म्हणून आधी तो उठला आणि त्यानं मला धरलं. मग मी त्याच्या जाकिटाची कॉलर नीट केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं:

"ऐक, रेन्झो. तू चोर नाहीस, भित्रा आहेस. भित्र्या माणसाला या घरात जेवण मिळतं, मिठी मिळते, पाटी मिळत नाही. लोक हसतील म्हणतोस? अरे, ते आलेत कशाला? विनोदी सिनेमा आहे तो, आणि बिचारे चाळीस वर्षं त्याच त्याच गोष्टींवर हसून दमलेत. भाऊ पन्हाळीला मिठी मारून पालथा पडलाय आणि बहीण त्याच्या अंगावरून जाकीट सोलून काढतेय, याच्याइतकं हसण्यासारखं त्या अख्ख्या सिनेमात काही नाही. जा आणि सांग. असं सांग की त्यांची पोटं दुखली पाहिजेत, ते तुला येतं. आणि छपराच्या कडेशी आलास की गप्प बसायचं. तिथून पुढं ती बोलेल."